ऑटोकॅडमध्ये स्वतःची लाइनटाइप: कागदावरच्या मिलिमीटरपासून सुरुवात करा

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यातल्या वर्कशॉपच्या आणि फौंड्रीच्या लेआउटवर काम करणारी मुलं माझ्याकडे ड्रॉइंग घेऊन येतात. तक्रार बहुतेक एकच: "सर, लाइनटाइप लोड झालंय, लेयरला पण दिलंय, तरी रेघ सरळच येतंय की!" फाइल उघडून पाहिली तर लाइनटाइपची, म्हणजे रेषेच्या डॅश-गॅपच्या नमुन्याची, व्याख्या बरोबर असते. चुकलेला असतो तो क्रम. आधी इंटरनेटवरून नमुना उतरवायचा, मग स्केल खालीवर करत बसायचं, स्क्रीनवर बरं दिसलं की प्रिंट काढायची आणि प्रिंटवर पुन्हा सगळं बिघडलेलं पाहायचं.

खाली दिलेला क्रम उलटा आहे. छापल्यावर रेषा किती मिलिमीटरची दिसायला हवी हे पहिल्यांदा ठरवायचं आणि बाकी सगळं त्याच्या मागून न्यायचं. पायऱ्या गाळू नका. विशेषतः दुसरी आणि तिसरी, कारण सगळे त्याच गाळतात.

लिहिण्याबद्दल आधीच सांगून ठेवतो. इथे आज्ञा, अक्षरं आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते सगळे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाइप करायचे आहेत. आपल्याकडच्या ऑफिसात एकाच मशीनवर नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर), मराठी फॉन्ट आणि इंग्रजी असा तिहेरी संसार असतो. कन्नड किंवा मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि फाइलमध्ये एक जरी देवनागरी आकडा पडला, तरी ती व्याख्या गेलीच.

## पायरी १: कागदावर तक्ता करा

संगणक सुरू करण्याआधी ड्रॉइंगमध्ये कोणकोणत्या लाइन येणार ते लिहून काढा. फौंड्रीच्या लेआउटचं उदाहरण घेऊ: दाबाची हवा, पाणी, गॅस, जमिनीखालची केबल, सांडपाणी. प्रत्येकीसमोर चार गोष्टी लिहा. डॅश किती मिमी, गॅप किती मिमी, अक्षरं असतील तर कोणती आणि किती उंचीची, आणि पेनची जाडी.

पेनची जाडी का, असं विचाराल. छापताना डॅशची टोकं साधारणपणे गोल येतात आणि दोन्ही बाजूंनी गॅपमध्ये थोडी थोडी शिरतात. ०.७ मिमीच्या पेनला १ मिमीचा गॅप दिलात तर हाती उरतो ०.३. त्या प्रिंटची झेरॉक्स निघाली, साइटवर घडी पडली, की तेवढाही दिसत नाही. गॅप पेनच्या जाडीच्या निदान तिप्पट ठेवा.

नुसत्या डॅश-डॉटवर पाच प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून दोन-तीन लाइनमध्ये अक्षरं घाला. सगळ्यांत मात्र घालू नका, चित्राचं वर्तमानपत्र होतं. छुपी कड आणि मध्यरेषा यांच्यासाठी तयार, प्रमाणित लाइनटाइप आहेतच, त्यांच्या वाटेला जाऊ नका. मशीन ड्रॉइंगमध्ये स्वतःची मध्यरेषा बनवणाऱ्याला मी तरी शाबासकी देत नाही.

तपासा: तक्त्यातले सगळे आकडे छापील कागदावरचे आहेत ना? 'साइटवर पाइप ६ मीटर आहे' हा आकडा या तक्त्यात येता कामा नये.

## पायरी २: ड्रॉइंगची मापं आणि स्केल एकदाच ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली गोष्ट, मेझरमेंट. ही आज्ञा टाइप करा, उत्तर १ असलं पाहिजे. ० असेल तर ड्रॉइंग इंचाच्या हिशोबात चाललंय आणि लाइनटाइप लोड करताना ऑटोकॅड इंचाची 'अकॅड' फाइल पुढे करतं. १ असेल तर मिमीची 'अकॅडआयसो'. दोन्हींतली नावं सारखीच, आकडे मात्र २५.४ पटीने वेगळे. इंचाच्या फाइलमधली रेषा मिमीच्या ड्रॉइंगमध्ये आली की डॅश इतके बारीक होतात की रेषा सरळच भासते.

दुसरी, स्केल. एलटीस्केल पूर्ण ड्रॉइंगला लागतं. सीईएलटीस्केल यापुढे काढल्या जाणाऱ्या वस्तूंना लागतं. दोन्हींचा गुणाकार होतो. सीईएलटीस्केल १ वर ठेवा आणि विसरून जा. कुणीतरी ते मधेच ०.५ करून ठेवतं आणि त्यानंतर काढलेल्या सगळ्या रेषा वेगळ्या येतात. मग अर्ध्या रेषा बरोबर, अर्ध्या चूक, आणि शोधणाऱ्याची दुपार गेली.

तिसरी, लेआउटमधून (छापायच्या कागदाचं पान) छापणार की मॉडेलमधून (खऱ्या मापात चित्र काढतो ती जागा), ते आजच ठरवा.

लेआउटमधून छापणार असाल तर (हेच करा): एलटीस्केल १, पीएसएलटीस्केल १, एमएसएलटीस्केल १. पीएसएलटीस्केल नमुना व्ह्यूपोर्टच्या (लेआउटवर मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीच्या) स्केलशी जुळवतं, एमएसएलटीस्केल मॉडेलमधल्या अॅनोटेशन स्केलशी. व्ह्यूपोर्ट १:५० असो की १:२००, छापील डॅश तुम्ही लिहिलेल्याच मिमीचा येतो. मॉडेलमध्ये काम करतानाही तसंच दिसावं म्हणून खालच्या पट्टीतला अॅनोटेशन स्केल व्ह्यूपोर्टच्या स्केलएवढा ठेवा.

थेट मॉडेलमधून छापणार असाल तर: एमएसएलटीस्केल ० करा आणि एलटीस्केल हाताने द्या. कागदावरच्या १ मिमीत ड्रॉइंगची किती युनिट बसतात, तो आकडा म्हणजे एलटीस्केल.

- ड्रॉइंग मिमीत, छपाई १:५०: एलटीस्केल ५०
- ड्रॉइंग मीटरमध्ये, छपाई १:५००: कागदावरच्या १ मिमीत ०.५ मीटर, म्हणून एलटीस्केल ०.५
- ड्रॉइंग फुटात, छपाई १:५००: ५०० भागिले ३०४.८, म्हणजे साधारण १.६४

शेवटची ओळ आपल्या भागासाठी मुद्दाम दिली. प्लॉटच्या लेआउटमध्ये टोटल स्टेशनचा डेटा मीटरमध्ये येतो, मालक गुंठे आणि फूट बोलतो, आणि शेवटी ड्रॉइंग कोणत्या मापात आहे हे काढणाऱ्यालाच आठवत नाही. आधी माहीत असलेलं एक अंतर मोजून पाहा.

सावधान: एमएसएलटीस्केल १ आणि एलटीस्केल ५० असं एकाच वेळी ठेवू नका. १:५० अॅनोटेशन स्केलवर दोन्ही गुणले जातात आणि लाइनटाइप ५० ऐवजी २५०० पट मोठी होते. पहिला डॅशच इमारतीबाहेर जातो. 'रेघ सरळच येतंय'च्या निम्म्या केस इथेच सुटतात.

## पायरी ३: अक्षरांसाठी वेगळी टेक्स्ट स्टाइल

अक्षरं असलेली लाइनटाइप एखाद्या टेक्स्ट स्टाइलवर अवलंबून असते आणि लोड करण्याआधी ती स्टाइल ड्रॉइंगमध्ये असावी लागते. बहुतेक जण 'स्टँडर्ड'वर काम भागवतात. पण स्टँडर्ड म्हणजे सार्वजनिक नळ, जो येतो तो फिरवून जातो. कुणी फॉन्ट बदलला की अक्षरं रुंद होतात आणि डॅशवर चढतात.

म्हणून 'एलटीटेक्स्ट' नावाची स्वतंत्र स्टाइल करा. फॉन्ट 'सिम्प्लेक्स' किंवा 'रोमन्स' हा एसएचएक्स (ऑटोकॅडचा स्वतःचा रेषांचा फॉन्ट), विड्थ फॅक्टर १, अॅनोटेटिव्ह बंद आणि उंची ०. हा शून्य महत्त्वाचा. स्टाइलची उंची शून्य असेल तर व्याख्येतला (पायरी ४) 'एस' आकडा हीच अक्षराची उंची ठरते. स्टाइलला २.५ उंची देऊन ठेवली आणि व्याख्येतही एस २.५ असलं, तर दोन्ही गुणून अक्षर ६.२५ मिमीचं येतं.

आता अक्षरांची रुंदी मोजा. याच स्टाइलमध्ये २.५ उंचीने 'एअर' ही तीन इंग्रजी मोठी अक्षरं, ए-आय-आर, लिहा आणि पहिल्या कडेपासून शेवटच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. समजा ७ मिमी आलं. तक्त्यात लिहून ठेवा, पुढच्या पायरीत हाच आकडा लागणार आहे. अंदाजाने ठोकू नका.

रेषेतच कन्नड किंवा मराठी अक्षरं घालता येतील का, असं हमखास विचारलं जातं. मी घालत नाही. मात्रा आणि जोडाक्षरांचा रेषेच्या नमुन्यात निभाव लागेल या भरवशावर कारखान्याचं ड्रॉइंग सोडता येत नाही. रेषेत इंग्रजी दोन-तीन अक्षरं ठेवायची आणि कोपऱ्यातल्या सूचीत त्यांचा अर्थ कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हींत साध्या टेक्स्टने लिहायचा. फिटर चिक्कोडीचा असो की कोल्हापूरचा, त्याला सूची वाचता आली की झालं.

## पायरी ४: फाइल लिहा

'अकॅडआयसो' फाइलमध्ये स्वतःच्या ओळी घुसवू नका. प्रोग्राम नव्याने घातला की त्या जातात. नोटपॅडमध्ये वेगळी फाइल करा. सेव्ह करताना प्रकार 'ऑल फाइल्स' निवडा आणि शेपूट डॉट-लिन ठेवा. नाहीतर नोटपॅड मागे डॉट-टीएक्सटी चिकटवतं आणि ऑटोकॅडला फाइल दिसतच नाही. वर्डमध्ये किंवा फोनवर लिहायचं नाही. तिथे सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि वाकडी चिन्हं ऑटोकॅडला कळत नाहीत.

प्रत्येक व्याख्या दोन ओळींची. पहिली तारांकनाने सुरू होते: नाव, स्वल्पविराम, वर्णन. दुसरी 'ए' या अक्षराने सुरू होते आणि पुढे आकडे येतात. अधिक आकडा म्हणजे डॅश, उणे म्हणजे गॅप, शून्य म्हणजे टिंब.

साधी लाइनटाइप, जमिनीखालच्या केबलसाठी:

*केबल_१,जमिनीखालची केबल
ए,१०,-२,०,-२,०,-२

१० चा डॅश, २ चा गॅप, टिंब, गॅप, टिंब, गॅप. एक आवर्तन १६ मिमी.

अक्षरांची लाइनटाइप, दाबाच्या हवेसाठी:

*एअर_१,दाबाची हवा
ए,२०,-१.५,["एअर",एलटीटेक्स्ट,एस=२.५,यू=०,एक्स=०,वाय=-१.२५],-८.५

ही ओळ नुसती उतरवू नका, समजून घ्या. २० चा डॅश झाला. मग १.५ मोकळी जागा. पेन थांबलं तिथून अक्षरं सुरू, कारण एक्स शून्य आहे. वाय उणे १.२५ म्हणजे अक्षराच्या उंचीच्या निम्म्याने खाली, त्यामुळे अक्षरांचा मध्य बरोबर रेषेच्या पातळीत येतो. शेवटचा गॅप ८.५, म्हणजे अक्षरांचे ७ आणि पलीकडचे १.५. अक्षरं स्वतः जागा पुढे सरकवत नाहीत, ती जागा गॅपनेच द्यावी लागते. हे न कळल्यामुळे 'अक्षरावरून रेघ जाते' ही तक्रार येते. पूर्ण आवर्तन ३० मिमी.

'यू' म्हणजे अक्षरं नेहमी वाचता येतील अशी सरळ. जुन्या नमुन्यांत त्या जागी 'आर' असतं. मग रेषा उजवीकडून डावीकडे ओढली की अक्षरं उलटी पडतात. 'यू' २०११ च्या आवृत्तीपासून चालतं.

लिहून झाल्यावर तपासा:

- 'ए' नंतरचा पहिला आकडा उणे नाही, दुसरा उणे आहे.
- एका व्याख्येत डॅश-गॅप-टिंब मिळून १२ पेक्षा जास्त आकडे नाहीत आणि ओळ ८० अक्षरांच्या आत आहे.
- नावात मोकळी जागा नाही, अंडरस्कोर आहे.
- शेवटच्या ओळीनंतर एकदा एंटर मारलंय. एवढ्यासाठी शेवटची व्याख्या गायब झालेली पाहिली आहे.

नावामागचा '_१' शोभेचा नाही, त्याचा उपयोग सातव्या पायरीत कळेल.

कुंपण किंवा रुळांसारख्या आकृत्या हव्या असतील तर शेप फाइल लागते. पण ती प्रत्येक मशीनवर ड्रॉइंगसोबत असावी लागते, नाहीतर रेषेतली आकृती गळते. अक्षरांनी भागत असेल तर या फंदात पडू नका. 'एमकेएलटाइप' या एक्स्प्रेस टूलने नमुना काढून थेट लाइनटाइप बनवता येते, पण नमुना छापील मिमीत, म्हणजे २० चा डॅश २० युनिटचाच काढा. साइटच्या मापात काढलात तर पुन्हा दुसऱ्या पायरीवर या.

## पायरी ५: लोड करा आणि लेयरला द्या

फाइल अशा फोल्डरमध्ये ठेवा जो ऑप्शन्समधल्या सपोर्ट फाइल सर्च पाथमध्ये आहे. मग लाइनटाइप मॅनेजर उघडून लोड दाबा. समोर येते ती ऑटोकॅडची नेहमीची यादी. तीत स्वतःचं नाव शोधत बसणारे पुष्कळ. वरचं 'फाइल' बटण दाबून आपली फाइल निवडा, मग आपली नावं दिसतील.

'बॅड डेफिनिशन' असा संदेश आला तर अवतरणचिन्हं, स्वल्पविराम आणि टेक्स्ट स्टाइलचं नाव, या क्रमाने पाहा.

लाइनटाइप वस्तूला देऊ नका, लेयरला द्या आणि वस्तू बायलेयर (लेयरचीच लाइनटाइप घेणारी) ठेवा. उद्या गॅसची लाइन बदलायची ठरली तर एका जागी बदलेल.

## पायरी ६: चाचणी, खऱ्या ड्रॉइंगच्या आधी

लेआउटच्या कागदावर २०० मिमीची एक आडवी रेषा काढा, 'एअर_१' द्या आणि १:१ वर छापा. पट्टी घेऊन एका शब्दाच्या सुरुवातीपासून पुढच्या शब्दाच्या सुरुवातीपर्यंत मोजा. ३० मिमी आलं पाहिजे. टोकांचे डॅश लांबीला जुळवून घेण्यासाठी कमीजास्त होतात, म्हणून मधलं अंतर मोजा. मग व्ह्यूपोर्टमधल्या रेषेवर हेच करा. तिथेही ३० आलं तर स्केल बरोबर. नाही आलं तर रीजनऑल (सगळं चित्र नव्याने आखायची आज्ञा) द्या, कारण व्ह्यूपोर्टचा स्केल बदलल्यावर रेषा आपणहून ताज्या होत नाहीत.

माझी स्वतःची फजिती ही पायरी गाळल्याने झाली होती. एका वर्कशॉपच्या लेआउटमध्ये हवेची आणि गॅसची लाइन स्क्रीनवर झकास दिसत होती, ए-१ प्रिंटवर दोन्ही सरळ आल्या. जोडारी ड्रॉइंग घेऊन परत आला, "ह्यातलं गॅसचं कुठलं ओ?" नशीब, विचारायला तरी आला.

चाचणीत या जागा मुद्दाम पाहा:

आखूड तुकडे. रेषेत एक आवर्तनही मावत नसेल तर ती सरळच येते. १:५० वर ३० मिमी म्हणजे साइटवरचे १५०० मिमी, त्यामुळे १ मीटरची फांदी सरळ दिसणारच. त्या वस्तूचा स्केल निम्मा करू नका, अक्षरंही निम्मी, १.२५ मिमीची होतील. त्याऐवजी 'एअर_आखूड_१' करा, डॅश २० ऐवजी ८. आवर्तन १८ मिमी, म्हणजे ९०० मिमीपासून पुढच्या तुकड्यांना चालेल.

अनेक बिंदूंची पॉलीलाइन. सर्व्हेतली नाल्याची कड किंवा कालव्याची रेषा शेकडो छोट्या तुकड्यांची असते आणि नमुना प्रत्येक बिंदूपाशी नव्याने सुरू होतो. प्लाइनजेन १ करा. ते पुढच्या पॉलीलाइनना लागतं. आधीच काढलेल्यांना प्रॉपर्टीजमध्ये जाऊन लाइनटाइप जनरेशन चालू करावं लागतं.

एकावर एक रेषा. कॉपी-पेस्टमध्ये तीच पाइप दोनदा पडली की एकीचे डॅश दुसरीचे गॅप भरतात. ओव्हरकिल ही अशा जादा रेषा काढून टाकणारी आज्ञा चालवा.

प्लॉट स्टाइल. स्क्रीनवर बरोबर, प्रिंटवर चूक असेल तर सीटीबी (रंगानुसार छपाई ठरवणारी फाइल) पाहा. तिथे एखाद्या रंगाला ठरावीक लाइनटाइप लावून ठेवलेली असेल तर ती तुमची लाइनटाइप बाजूला सारते. 'यूज ऑब्जेक्ट लाइनटाइप' ठेवा. बाहेरच्या प्लॉटरवाल्याकडे प्रिंट काढत असाल तर ड्रॉइंग देऊ नका, पीडीएफ करून द्या. त्याची सीटीबी त्याच्याकडेच राहू दे.

## पायरी ७: दुरुस्ती करायची असेल तर

लोड केलेली लाइनटाइप ड्रॉइंगमध्ये उतरते. नंतर डॉट-लिन फाइल कितीही बदला, उघड्या ड्रॉइंगला त्याचा पत्ता नसतो. पुन्हा लोड करा, 'आधीच लोड आहे, पुन्हा करू का' या प्रश्नाला होय म्हणा, मग रीजनऑल. हे प्रत्येक ड्रॉइंगमध्ये वेगळं करावं लागतं.

जुन्या ड्रॉइंगमधून काही पेस्ट केलं आणि दोन्हीकडे एकाच नावाची लाइनटाइप असली, तर चालू ड्रॉइंगमधली व्याख्या राहते, येणारी गुपचूप टाकली जाते. त्यासाठीच '_१'. नमुना बदलला की '_२' करायचं, म्हणजे जुनं-नवं एकमेकांत मिसळत नाही. एक्सरेफने, म्हणजे बाहेरची फाइल म्हणून, जोडलेल्या ड्रॉइंगला मुख्य ड्रॉइंगचं एलटीस्केल लागतं, त्यामुळे मीटरचं सर्व्हे ड्रॉइंग मिमीच्या लेआउटमध्ये जोडाल तेव्हा सहावी पायरी पुन्हा करा.

## पायरी ८: टेम्प्लेट आणि पाठवणी

सगळं पटलं की तीच ड्रॉइंग रिकामी करून टेम्प्लेट म्हणून ठेवा: मेझरमेंट, सगळी स्केल, एलटीटेक्स्ट स्टाइल, लेयर आणि लाइनटाइप यांच्यासकट. पर्ज चालवताना वापरात नसलेले लेयर आणि लाइनटाइप उडतात, म्हणून टेम्प्लेटवर पर्ज नको.

कोल्हापूर, पुणे किंवा हुबळीच्या फॅब्रिकेटरला ड्रॉइंग पाठवताना डॉट-लिन फाइल द्यावी लागत नाही, व्याख्या ड्रॉइंगमध्येच असते. फॉन्ट आणि शेप फाइल मात्र लागतात. ई-ट्रान्समिटने गठ्ठा करा आणि आतली यादी एकदा डोळ्यांखालून घाला. जोडीला पीडीएफ पाठवा आणि पीडीएफवर कागदाचं माप लिहा. ए-१ ची शीट कुणी ए-३ वर छापली तर २.५ मिमीची अक्षरं निम्म्यावर येतात, आणि फोन तुम्हालाच येतो.